टाकीला सेल्फ हीलिंग वॉटरप्रूफिंग केलं, ५ पैकी ४ स्टार (एक का कापला ते वाचा)

आमची सोसायटी नेरूळला, बिल्डिंग जुनी, त्यामुळे लीकेज हा विषय दर मीटिंगला असतोच. या वेळी अंडरग्राउंड टाकीची भिंत झिरपून पंपरूममध्ये कायम ओल राहायला लागली म्हणून क्रिस्टलाइन स्लरी लावून घेतली, तीच ती "चिरा आपोआप भरतात" म्हणून विकतात ती. कंपनीचं नाव टाकत नाही कारण दोन-चार कंपन्यांचा माल साधारण सारखाच वाटला, फरक पडतो तो लावणाऱ्याने.

आधी सेल्समनबद्दल. साहेबांनी मोबाईलवर बॅक्टेरियावाल्या काँक्रीटचा व्हिडिओ दाखवला आणि कोटेशन दिलं क्रिस्टलाइनचं!! दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. बॅक्टेरियावालं काम नेदरलँड्सच्या डेल्फ्ट युनिव्हर्सिटीतल्या हेंक योंकर्स यांचं, त्यात बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचे स्पोअर्स (म्हणजे झोपलेले बीजाणू) आणि त्यांचं खाणं म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीट ओततानाच मिसळतात, पुढे चीर पडून पाणी आत गेलं की ते जागे होतात आणि चुनखडी तयार करून चीर बुजवतात. म्हणजे असं ओततानाच मिसळायचं ते नवीन बांधकामाचं काम, आमच्या जुन्या भिंतीला ब्रशने काय लावणार?

क्रिस्टलाइनमध्ये जिवंत काही नाही. सिमेंट, बारीक वाळू आणि केमिकल, पाण्यात कालवून दोन कोट मारायचे. काँक्रीटमध्ये सिमेंटमुळे झालेला चुना असतोच, केमिकल पाण्याबरोबर आत शिरतं, त्या चुन्याशी रिअ‍ॅक्शन होते आणि बारीक छिद्रांमध्ये न विरघळणारे स्फटिक वाढतात. कोरडं पडलं की थांबतं, उद्या नवीन बारीक चीर पडून पाणी आलं की परत सुरू. म्हणून टाकीला हे एकदम फिट, तिथे पाण्याला तोटा नाही.

पण लिमिट आहे, साधारण ०.४ मिमीपर्यंतची केसासारखी चीर भरते, त्याहून रुंद असेल तर आधी व्ही कट मारून (म्हणजे V आकाराची खाच पाडून) मॉर्टरने, म्हणजे सिमेंटच्या मसाल्याने, भरून घ्यावी लागते. आणि गंजलेल्या सळईला याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे खाडीची खारी हवा, क्लोराइड आत जातं, सळई गंजते, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून वरचं काँक्रीट फुगून सुटतं. आमच्या टाकीच्या छताला हेच झालेलं, तिथे पोकळ भाग ठोकून काढणं, सळई घासणं, अँटीरस्ट कोट, पॉलिमर मॉर्टर हे सगळं करावंच लागलं, त्याचं बिल वेगळं. सेल्समन याबद्दल एक शब्द बोलला नव्हता, स्टार तिथे कापला.

काम सुरू असताना डोक्याला ताप भरपूर. हे उघड्या काँक्रीटवरच चालतं, त्यामुळे आतल्या टाइल्स आणि प्लास्टर सगळं तोडलं, धुरळा लिफ्टपर्यंत, टँकर मागवावे लागले, वरून काही मेंबर "सोसायटीचे पैसे पाण्यात" म्हणून कोट्या करणार. भिंत आधी ओली करून मगच कोट मारायचा आणि नंतर काही दिवस पाण्याचा फवारा मारत राहायचं, आमचा काँट्रॅक्टर पहिल्या कोटनंतरच गायब व्हायच्या तयारीत होता, सेक्रेटरी काका खुर्ची टाकून तिथेच बसले म्हणून क्युरिंग झालं. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर मालाचं पोटेबल वॉटरचं सर्टिफिकेट आधी मागा.

रिझल्ट? टाकी भरल्यावर सुरुवातीला बाहेरून ओल दिसतच होती, लोकांनी लगेच ग्रुपवर फोटो टाकले. पण ओल हळूहळू कमी होत गेली, जिथून झिरपत होतं तिथे पांढरी रेघ उठली आणि आता पंपरूम कोरडी आहे. फक्त पाइप भिंतीतून जातो तिथला जॉइंट अजून अधूनमधून घाम फुटल्यासारखा होतो, पंप सुरू झाला की पाइप हलतो ना, हलणाऱ्या जागेला स्फटिक टिकत नाहीत, तिथे लवचिक सीलंटच पाहिजे.

आता तेच लोक टेरेसलाही हेच लावा म्हणून मागे लागलेत. टेरेस उन्हात तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो, चिरा रोज उघडझाप करतात, शिवाय वर जुना कोबा आहे, तो उखडल्याशिवाय काँक्रीटपर्यंत पोचणारच नाही. तिथे आम्ही मेम्ब्रेनचं, म्हणजे वरून बसवायच्या लवचिक वॉटरप्रूफ थराचं, कोटेशन मागवलंय.

वॉरंटीचा कागद मात्र सही करायच्या आधी वाचा, आमच्या ड्राफ्टमध्ये फक्त माल बदलून मिळणार होता, तोडफोड आणि मजुरी सोसायटीची, ते लिहून बदलून घेतल्यावरच अ‍ॅडव्हान्सचा चेक दिला.