रक्तचंदनाची बाहुली आणि पुडीतली पावडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या चैत्रात सासूबाईंनी कपाटातल्या जुन्या डब्यातून सहाणेवर उगाळून लेप लावायची रक्तचंदनाची एक बाहुली काढून माझ्या हाती दिली. या बाहुलीवर माझा पुरेसा विश्वास नव्हता, म्हणून त्याच आठवड्यात मी दुकानातून रक्तचंदनाच्या पावडरीची शंभर ग्रॅमची पुडीही आणली. चैत्र ते कार्तिक या दोन्ही वस्तू घरात आलटून पालटून वापरल्या, आणि आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

बाहुली वीतभरही नाही, पण हाताला दगडासारखी जड लागते. पाण्याच्या भांड्यात टाकून पाहिली तर सरळ तळाशी गेली. तिला वास नाही. नावात चंदन असल्यामुळे मी पहिल्या दिवशी ती नाकाशी धरली होती, आणि निराश झाले होते. वास्तविक रक्तचंदन आणि देवपूजेतले चंदन ही एका कुळातली झाडेही नव्हेत. रक्तचंदन हे शेंगा येणाऱ्या झाडांपैकी असून आपल्या सह्याद्रीतल्या बिबळ्याचे जवळचे नातलग आहे. बिबळ्याची पंखासारखी चपटी, गोल शेंग ज्यांनी पाहिली असेल त्यांना रक्तचंदनाची शेंग ओळखीची वाटेल. त्यामुळे रक्तचंदनाचे अत्तर किंवा उदबत्ती म्हणून कोणी काही विकत असेल, तर तो सुगंध दुसऱ्या कशाचा तरी आहे असे समजावे. रक्तचंदनाचे मोल त्याच्या रंगात आणि लाकडात आहे. चीनमध्ये उंची फर्निचरसाठी आणि जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याच्या दांडीसाठी ते वापरले गेले. तमिळ घरांत नवरात्रातल्या गोलूत, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीत, याच लाकडाच्या राजा-राणीची जोडी मांडतात. आपल्याकडे मात्र ते मुख्यतः सहाणेवरच आले. आयुर्वेदातही असा संकेत आहे की नुसते ‘चंदन’ म्हटले असेल, तर काढ्यासाठी आणि लेपासाठी बहुधा रक्तचंदन घ्यावे, आणि चूर्ण, तेल, आसव यांसाठी पांढरे.

बाहुली उगाळणे हे धीराचे काम आहे. पांढरे चंदन दहा-बारा वळशांत गंध देते. ही बाहुली चाळीस-पन्नास वळसे घेतल्याशिवाय लेपाइतका दाटपणा येऊ देत नाही. पाणी थेंबाथेंबाने घालावे लागते, एकदम घातले की सगळे पातळ होऊन वाहून जाते. सासूबाई ती पायांच्या बाजूने उगाळतात, कारण चेहरा झिजू द्यायचा नाही, असा त्यांच्या माहेरचा दंडक आहे. आमच्या बाहुलीला त्यामुळे घोट्याखाली पाय उरलेले नाहीत.

उपयोगाबद्दल सांगायचे तर वैशाखातल्या घामोळ्यांवर लेप लावल्यावर खाज थांबत असे, पण तो वाळून तडकेपर्यंतच. त्या आरामात लेपातल्या थंड पाण्याचा वाटा किती आणि लाकडाचा किती, हे मला वेगळे काढता आले नाही. पावसाळ्यात मुलाच्या गुडघ्याला मुका मार लागला, तेव्हा दोन दिवस सकाळ-संध्याकाळ जाडसर लेप दिला आणि सूज उतरली. मात्र ती तशीही उतरली नसती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. किडा चावल्यावर येणाऱ्या गांधीवर मला सर्वांत समाधानकारक अनुभव आला, कारण तिथे आग लगेच शमत होती. मुरमांच्या डागांवर तीन महिने दिवसाआड लावूनही काही फरक पडला नाही. लेप धुतल्यावर त्वचेवर उरणाऱ्या पुसट तांबूस छटेमुळे तास-दोन तास चेहरा उजळल्यासारखा दिसतो, आणि या लेपाची बरीचशी कीर्ती त्या छटेवरच उभी असावी. उघड्या जखमेवर आम्ही तो कधी लावला नाही, आणि ताप असून गाल किंवा मान सुजली असेल तर सहाण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, यावर घरात एकमत आहे.

पुडीचा अनुभव वेगळा होता. रक्तचंदनातला लाल रंग मुख्यतः सँटलिन या द्रव्याचा असतो. तो थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र चटकन उतरतो. बाहुलीचा लेप पेल्यात ढवळून ठेवला तर भुकटी हळूहळू तळाशी बसते आणि वरचे पाणी बऱ्यापैकी निवळते. माझ्या पुडीतली पावडर पाण्यात पडताक्षणी पाणी सरबतासारखे लालभडक झाले, ते रात्रभर तसेच राहिले, आणि माझी बोटे दुसऱ्या दिवशीही गुलाबी होती. तिच्यात वरून रंग मिसळला असावा, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दुकानातून आणलेल्या पुडीला चक्क गुलाबाचा वास होता, तेव्हा ती मी उघडून परत बांधून ठेवली. बाहुलीच्या लेपाचा डाग पांढऱ्या पंचाला लागला, तर साबण लावताच तो जांभळट होतो. हळदीच्या डागासारखाच हा साबणातल्या क्षाराचा परिणाम आहे. घाबरून जास्त घासू नये.

पहिली पुडी तीन महिन्यांत संपली. बाहुली मी चैत्रात स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती, तेव्हा ती ४२ ग्रॅम भरली. कार्तिकात ४१ भरली. हा हिशेब मला किमतीपेक्षा दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. हे झाड नैसर्गिकरीत्या आंध्र प्रदेशातल्या कडप्पा, चित्तूर, नेल्लोर, कर्नूल या भागांतल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांत आणि त्यांच्या आसपासच वाढते, आणि त्याच्या खोडात लाल गाभा तयार व्हायला काही दशके लागतात. आज ते संकटग्रस्त प्रजातींत गणले जाते. त्याच्या चोरट्या तोडीपायी काय काय घडते, हे २०१५ च्या एप्रिलमध्ये आंध्रातल्याच शेषाचलम डोंगरांच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० माणसे मारली गेली तेव्हा सगळ्या देशाने वाचले. चेहऱ्यावर थापून धुऊन टाकण्यासाठी या लाकडाची किलोकिलोने पावडर व्हावी, हे मला पटत नाही. नवीन बाहुली घ्यायचीच असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावी.

परदेशी नातेवाइकांना ती भेट म्हणून देऊ नये. १९९५ पासून रक्तचंदन आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांच्या यादीत आहे, आणि सामानात सापडलेला तुकडा विमानतळावर महागात पडू शकतो. न्यू जर्सीतल्या नणंदेने दिवाळीत तिच्या धाकटीसाठी एक बाहुली मागितली होती. मी नाही म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली, पण सासूबाईंनीच तिला फोनवर सांगितले, की मे महिन्यात ये, सहाण इथेच आहे.