वाढत्या ओपन सोर्स प्रकल्पाचे नवे नाव: वर्णनपर, परिचित की घडवलेले?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा, प्रकल्पाचे पहिले नाव बहुधा एकट्यादुकट्या प्रोग्रामरने ठेवलेले असते आणि ते प्रकल्पाच्या तेव्हाच्या कामापुरतेच असते. वापरकर्ते आणि योगदानकर्ते वाढले, की एकतर ते कामाला अपुरे पडू लागते किंवा त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे हे समोर येते. या दोहोंपैकी आपले कारण कोणते, हे निवड करणाऱ्यांनी सर्वांत आधी ठरवावे, कारण योग्य पर्याय त्यावरूनच बदलतो.

वर्णनपर नावाचा लाभ पहिल्याच दिवशी मिळतो. साधन काय करते हे नावातच असल्याने ओळख करून देण्याचे श्रम वाचतात. मात्र प्रकल्प वाढला, की हेच नाव त्याला जखडून ठेवते. जावास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीतील कोडचे पाचव्या आवृत्तीत रूपांतर करणाऱ्या ‘सिक्स टू फाइव्ह’ला २०१५ मध्ये ‘बेबल’ हे नाव घ्यावे लागले, कारण सहाव्यानंतरच्या आवृत्त्याही येणार हे उघड होते. चित्रपट-गाणी चालवणाऱ्या ‘एक्सबीएमसी’ या सॉफ्टवेअरच्या नावात एक्सबॉक्स या गेमिंग यंत्राचा उल्लेख दडलेला होता. त्या मूळ यंत्राचा आधार सुटल्यावरही नाव तसेच राहिले आणि २०१४ मध्ये त्याचे ‘कोडी’ झाले. शिवाय निव्वळ वर्णन करणाऱ्या शब्दाला ट्रेडमार्कचे संरक्षण मिळणे कठीण असते. त्यामुळे ज्याची व्याप्ती अजून विस्तारत आहे, अशा प्रकल्पासाठी हा पर्याय मी सुचवणार नाही.

रोजच्या भाषेतील परिचित शब्द लक्षात राहायला आणि उच्चारायला सोपा, पण तो आधीच कुणीतरी घेतलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मोझिलाच्या ब्राउझरचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. ‘फिनिक्स’ हे त्याचे पहिले नाव ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सोडावे लागले, २००३ मध्ये घेतलेल्या ‘फायरबर्ड’ला त्याच नावाच्या डेटाबेस प्रकल्पाने हरकत घेतली आणि अखेर फेब्रुवारी २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ आले. दुसरी अडचण शोधाची. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या ‘गो’ या प्रोग्रामिंग भाषेविषयी माहिती शोधताना लोकांना ‘गोलँग’ असे लिहावे लागते. मोठ्या कंपनीचे पाठबळ असेल तर हे निभावते. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला ते जड जाते.

घडवलेले नाव सुरुवातीला काहीच सांगत नाही आणि काही दिवस परकेही वाटते, पण शोधात ते लगेच सापडते आणि त्यावर हक्क सांगणेही तुलनेने सोपे असते. तरीही ते आपोआप सुरक्षित होत नाही: ‘कोडी’ हे नाव काही देशांत इतरांनीच नोंदवून टाकल्याचे त्या प्रकल्पाच्या फाउंडेशनने २०१७ मध्ये जाहीर केले होते. नोंदणीचा अर्ज घोषणेच्या आधी करावा, हा क्रम म्हणूनच मोडू नये.

घडवलेल्या नावांचाच एक उपप्रकार मला सर्वांत समंजस वाटतो. त्यात जुन्या नावाचा धागा राखलेला असतो. २०१४ मध्ये आयपायथन या पायथन भाषेचा कोड टप्प्याटप्प्याने चालवून पाहण्याच्या साधनातील कोणत्याही एका भाषेशी बांधलेले नसलेले भाग वेगळे काढून ‘ज्युपिटर’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावात ज्युलिया, पायथन आणि आर या तिन्ही भाषांची अक्षरे आली, आणि ते मूळच्या पायथन समुदायालाही परके वाटले नाही. मात्र हा मार्ग अपुऱ्या पडलेल्या नावासाठीच आहे. कारण हक्काचे असेल, तर जुन्या नावाशी ध्वनिसाम्य ठेवणे म्हणजे त्याच वादाला पुन्हा आमंत्रण देणे होय. ओरॅकल कंपनीने कोडची बांधणी आणि चाचणी आपोआप करणाऱ्या साधनाच्या ‘हडसन’ या नावावर हक्क सांगितल्यानंतर समुदायाने २०११ मध्ये ‘जेन्किन्स’ निवडले. दोन्ही नावे जुन्या इंग्रजी घरांतील खानसाम्याला शोभावीत अशी आहेत, त्यामुळे नाते अर्थातून टिकले आणि उच्चारात साम्य मात्र राहिले नाही.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की नाव कुणाच्या मालकीचे असेल. जेराल्ड कॉम्ब्स यांनी २००६ मध्ये नोकरी बदलली तेव्हा त्यांनीच सुरू केलेल्या ‘इथरीयल’ या नेटवर्कवरील रहदारी तपासणाऱ्या साधनाच्या बहुतांश कोडचा कॉपीराइट त्यांच्याकडे होता, पण नावाचा ट्रेडमार्क नव्हता, म्हणून तोच प्रकल्प ‘वायरशार्क’ या नावाने पुढे गेला. कोड मुक्त परवान्यावर असला तरी नाव त्या परवान्यातून सहसा मिळत नाही. एखादे सुंदर नाव एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या हाती आणि एखादे साधारण नाव ना-नफा संस्थेच्या हाती असेल, तर मी निःसंकोच दुसरे घेईन. २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचा परवाना बदलल्यावर निघालेला ‘वाल्की’ हा फोर्क (त्याच कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प) आरंभापासूनच लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर तिन्ही प्रकारांत फारसा फरक नाही. कोड ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहब जुन्या रिपॉझिटरीचे (प्रकल्पाच्या कोडसंग्रहाचे) दुवे नव्या ठिकाणी वळवते, पण त्याच खात्यात जुन्या नावाची नवी रिपॉझिटरी काढली की ते वळण तुटते. पायपीआय आणि एनपीएम या अनुक्रमे पायथन व जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारांवर पॅकेजचे नाव बदलता येत नाही. नवे पॅकेज प्रसिद्ध करून जुन्याच्या वापरकर्त्यांना तिकडे पाठवावे लागते. जुने नाव सोडून देऊ नये, कारण मोकळे झालेले नाव घेऊन दुसरा कुणी घातक कोड प्रसिद्ध करू शकतो. कोडच्या आत मात्र सर्व ठिकाणी नाव बदलण्याचा हट्ट नको. जेन्किन्सच्या जावा पॅकेजांत अजूनही ‘हडसन’ आहे, कारण ते बदलल्यास असंख्य प्लगइन (जोड-सुविधा) बंद पडतील, आणि ज्युपिटरच्या नोटबुक फाइलींना आजही आयपायथनच्या काळातील ‘आयपीवायएनबी’ हेच विस्तारनाम लागते.