कडक भाकरी खिव्याला जाऊन आली

सोलापूरच्या नवी पेठेतल्या नेहमीच्या दुकानातून वीस कडक भाकऱ्या आणि अर्धा किलो शेंगाचटणी घेतली, सॅकमध्ये कोंबली आणि उझबेकिस्तान गाठलं. ताश्कंद ते खिवा रात्रीची गाडी, प्लात्सकार्टचं तिकीट. म्हणजे आपला स्लीपरच. दारं नसलेला ५४ बर्थचा डबा. टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, चहा हवा तेवढा करा.

सकाळी जाग आली तर बाहेर किझिलकुमचं वाळवंट. भाकरी काढली. आठव्या दिवशीही काडकन मोडली, तीळ जागच्या जागी. समोरच्या आजींनी मधोमध नक्षी ठोकलेला त्यांचा नान पुढे केला, मी चटणी. चिमूटभर खाल्ली, डोळ्यांत पाणी, तरी हात परत पुढे!

तक्रार पॅकिंगची. चटणीच्या पिशवीचं सील सुटलं, तेल थेट मोज्यांत. खिव्यात इचान कला या जुन्या शहराच्या मातीच्या तटाआत, १८५५ पासून अर्धवट राहिलेल्या निळ्या काल्ता मिनारसमोर मी फोटो काढतोय आणि सॅकला लसणाचा घमघमाट. एक मांजर तर मागेच लागलं.

भाकरीला पाचपैकी पाच, पिशवीला दोन. चटणी स्टीलच्या डब्यातच न्या.