बारा पानांचा मेन्यू, चार पातेली ग्रेव्ही

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही 'प्युअर व्हेज मल्टिक्युझिन फॅमिली रेस्टॉरंट'बद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचून बघा. एकाने पाच तारे दिलेले असतात: 'मसाला डोसा एक नंबर, सकाळी जरूर जा.' लगेच खाली दुसऱ्याचा एकच तारा: 'पनीर हंडी आणि पनीर कढाई, दोन्हींची चव सेम. सर्व्हिस स्लो. पुन्हा येणार नाही.' खोटं दोघांपैकी कोणीच बोलत नाही. एका पाटीखाली पाच दुकानं चालतात: साउथ इंडियन, पंजाबी, तंदूर, चायनीज आणि ज्यूस-पावभाजी. प्रत्येकाचा कारीगर वेगळा आणि त्याची सुट्टीही वेगळी. चायनीजवाला गावी गेला की नूडल्स परतायला जो मोकळा असेल तो उभा राहतो. त्यामुळे 'हॉटेल कसं आहे?' असं विचारून फारसं काही कळत नाही. कोणता काउंटर आणि किती वाजता, हे विचारायचं.

'सगळ्या भाज्या सारख्याच लागतात' ही तक्रार सगळीकडे असते, आणि ती बरीचशी खरी आहे. मेन्यूत पनीर आणि व्हेजच्या मिळून पन्नास-साठ भाज्या असल्या तरी आत पातेली तीन-चारच असतात. लाल ग्रेव्हीत टोमॅटो, काजू, लोणी, कसुरी मेथी. पिवळीत परतलेला कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, हळद. पांढरीत उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. चौथी हिरवी, पालकाची. ऑर्डर आली की कढईत तेल-लसूण टाकून दीड-दोन पळ्या ग्रेव्ही ओतायची आणि वरून नाव द्यायचं. पिवळीत सिमला मिरची, कांद्याचे चौकोनी तुकडे आणि जाडसर कुटलेले धणे पडले की कढाई. पिवळी-लाल निम्मी निम्मी घेऊन वर क्रीम सोडलं की हंडी. कोळशाचा धूर दिला की अंगारा. तिखट आणि रंग वाढवून वर सुकी मिरची ठेवली की व्हेज कोल्हापुरी, जी कोल्हापूरच्या घरात कोणी रांधत नाही.

यात फसवणूक नाही. आठ-दहा मिनिटांत भाजी टेबलावर यायची तर दुसरा मार्गच नाही, आणि चांगली हॉटेलंही असंच करतात. फरक पडतो तो ग्रेव्ही किती वेळ शिजली यावर. पातेलंभर कांदा नीट तपकिरी व्हायला पाऊण तास सहज जातो. घाईत तो अर्धवट राहिला की भाजीला उग्र गोडसर वास येतो आणि खाल्ल्यावर दोन तास कांदाच आठवत राहतो. वाटीच्या कडेला तेल सुटलेलं चालेल. पाणी सुटलेलं दिसलं तर समजा, ग्रेव्ही संपत आली म्हणून वाढवली आणि पुन्हा उकळली नाही. लाल ग्रेव्ही जिभेला चिकटण्याइतकी गोड लागली तर टोमॅटोचा आंबटपणा साखरेने किंवा केचपने झाकलेला असतो. काजूचा भाव चढला की पांढऱ्या ग्रेव्हीत मगज वाढतं, आणि ती घशाला किंचित खरखरीत लागते.

म्हणून चौघांसाठी मागवताना दोन भाज्या एकाच रंगाच्या घेऊ नका. एक लाल, एक पिवळी आणि तिसरी दाल तडका किंवा जिरा आलू. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनला सरळ विचारा, 'ही लाल ग्रेव्हीतली की पिवळी?' तो न अडखळता सांगतो. एका भाजीत पनीरचे साधारण आठ-दहा तुकडे येतात, म्हणजे पनीरची एक भाजी दोघांची. ते रबरासारखे लागले तर बहुतेक दुपारीच तळून ठेवलेले असतात. 'पनीर तळू नका' एवढं ऑर्डर देताना सांगितलं तरी फरक पडतो.

तंदूरबद्दलची मतं वेळेवर ठरतात. भट्टी नीट तापायला तासभर लागतो. बाराच्या ठोक्याला पोचलात तर पहिल्या रोट्या पांढुरक्या आणि मध्ये कच्च्या येण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी साडेसातनंतर निखारा बसलेला असतो, तेव्हाची रोटी सर्वात चांगली. 'रोटी चिवट' असं लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा आठ रोट्या एकदम मागवलेल्या असतात. मैद्याचा नान असो की कणकेची रोटी, पाच मिनिटांत वातड होते. दोन-दोन करून मागवा, वेटर कुरकुरला तरी. आणि पनीर टिक्का पाच मिनिटांत आला तर खूश होऊ नका. कच्च्यापासून भाजायला पंधरा मिनिटं तरी हवीत. पाच मिनिटांत येतो तो आधी भाजून ठेवलेला आणि फक्त गरम केलेला.

चायनीज म्हणजे अर्थात आपलं चायनीज. मांचुरियनचं श्रेय नेल्सन वांग या शेफना देतात. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घालून चिकन केलं, असं सांगतात. आपल्याकडे त्याचे कोबी-गाजराचे गोळे झाले. ते दुपारी एकदा तळतात आणि ऑर्डर आली की पुन्हा. गोळा बाहेरून काळपट आणि आतून दगड असेल तर तो दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा तेलात गेलाय. तेलही पाहण्यासारखं असतं. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. टेबलावर बसून ते मोजता येत नाही, पण फ्रेंच फ्राइज मागवून बघा. रंग गडद, वास जड आणि टाळूला चिकट थर, म्हणजे त्या कढईतलं दुसरं काही मागवू नका.

रविवारी रात्रीचा फ्राइड राइस मऊ का लागतो, त्याचंही कारण आहे. एरवी कारीगर मोठ्या आचेवर एकावेळी एक-दोन प्लेट परततो, दाणा सुटा राहतो. गर्दीत सहा प्लेट एकाच कढईत पडतात, कढई थंड होते आणि भात परतला न जाता वाफेवर शिजतो. सोया सॉस जास्त घालून रंग आणतात, पण चव येत नाही.

डोशाचं मात्र मनापासून कौतुक करायला हवं. मुंबई-पुण्यातली अशी बरीच हॉटेलं मुळात उडिपी. पंजाबी आणि चायनीज नंतर चिकटलं, तव्यावरचा हात जुना आहे. तव्यावर पाणी शिंपडतात, ते चर्र करून उडतं, छोट्या खराट्याने तवा झाडतात आणि मग पळीभर पीठ गोल फिरवतात. हे पाणी मारणं चुकलं की पीठ तव्याला धरतं आणि डोसा फाटतो. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चारनंतर तवा जोरात असतो. मध्ये थाळीची वेळ, तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'डोसा चार वाजता' असंच उत्तर मिळतं. रात्री नऊनंतर पीठ आंबटलेलं आणि चटणीत खोबऱ्यापेक्षा डाळं जास्त. 'सांबार गोड आहे' हा आक्षेप मात्र मान्य नाही. उडिपी सांबारात गूळ असतोच.

पास्ता, नाचोज, पिझ्झा यांच्यावर फार शब्द घालवण्यात अर्थ नाही. व्हाइट सॉस मैद्याचा, बेस तयार विकत आणलेला आणि चीज मात्र भरपूर. मुलांना तेच हवं असतं. सिझलर घ्यायचं तर वीस मिनिटं धरून चला. बिडाची प्लेट बर्नरवर लालभडक तापवावी लागते, कोबीची पानं अंथरून त्यावर भात-भाज्या रचतात आणि सॉस शेवटी ओततात. अर्धवट तापलेल्या प्लेटचा धूर टेबलापर्यंत येतो, पण जेवण निम्मं व्हायच्या आत सगळं गार होतं.

'एकाचं जेवून झालं तरी दुसऱ्याचं येईना' याला वेटर जबाबदार नसतो. एका टेबलाची ऑर्डर तीन काउंटरवर तीन केओटींनी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांनी, जाते आणि ते काउंटर एकमेकांशी बोलत नाहीत. आजीची इडली तीन मिनिटांत, नातवाचे नूडल्स बारा, सिझलर वीस. सगळ्यांना बरोबर जेवायचं असेल तर सूप वन बाय टू घेऊन आधी सिझलर सांगा आणि इडली शेवटी. रविवारी साडेआठ ते साडेनऊ ही वेळ टाळा. सव्वासातला गेलात तर त्याच हॉटेलला तुम्हीही चार तारे द्याल.

बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा छोटा हॉटेलवाला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही, त्याच्या बिलावर 'बिल ऑफ सप्लाय' असं छापलेलं असतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर बिलावर हवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढून टाका म्हटलं की गल्ल्यावर बहुधा काढतात, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका. हॉटेलात बसून पिताना एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. बसल्या बसल्या वेटर विचारतो, 'नॉर्मल की बिसलेरी?' तिथेच 'नॉर्मल' म्हणून मोकळं व्हा.