बर्लिनमध्ये एकच दुपार: स्मारक की कारखाना?

भाची विचारते, एकच दुपार हातात आहे, काय पाहू? खर्चाचा प्रश्न नाही, दोन्हीकडे प्रवेश मोफत.

ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळचं, नाझींनी मारलेल्या युरोपातल्या ज्यूंचं २००५चं स्मारक म्हणजे काँक्रीटचे २७११ ठोकळे. त्यांवर एकही नाव नाही. नावं, पत्रं, कुटुंबांच्या कहाण्या खाली तळघरात आहेत. ते चुकवलंस तर अर्धंच पाहिलंस.

हाकेशर मार्क्ट चौकाजवळ ओटो वाइट यांचा नाझी काळातला ब्रश-झाडूंचा कारखाना आहे, आता तिथे संग्रहालय आहे. अंध आणि बहिऱ्या ज्यू कामगारांना त्यांनी इथे नाझींपासून सांभाळलं. एक कुटुंब तर कपाटामागच्या बिनखिडकीच्या खोलीत लपवलं. अखेर तेही पकडलं गेलं. ती खोली अजून आहे. माझा पाय तिथून निघेना.

साठ लाखांच्या संहाराचा आवाका कळायला हवा असेल तर स्मारक. सोबत मुलं असतील आणि एकट्या माणसाने काय केलं ते दाखवायचं असेल, तर कारखानाच.