इंदूरच्या आंधीत पोर्टेबल बास्केटबॉल हूप: आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये, शेतात गहू कापणीला आलेला असताना, एका दुपारी अवकाळी वारा सुटला आणि आमचा हूप अंगणात तोंडावर आडवा झाला. लेक पाच मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला आत आली होती. रिंग जिथे आपटली तिथली फरशी फुटली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

हूप घेतला दिवाळीनंतर, १६,५०० रुपयांना. ४४ इंचांचा बोर्ड, साडेसात ते दहा फुटांपर्यंत वरखाली होणारा खांब, खाली शंभर लिटरचा पोकळ प्लॅस्टिकचा बेस आणि त्याला दोन चाकं. लेक शाळेच्या संघात आहे, सुट्टीत रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला जाते. राजेंद्रनगरहून रोज तिकडे नेणं जमत नाही, म्हणून घरी सोय केली. खेळायला हूप उत्तम आहे. बोर्डवरून चेंडू नीट परत येतो, रिंगची स्प्रिंग चांगली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न फक्त वाऱ्याचा.

बेसमध्ये पाणी भरा असं सोबतच्या पुस्तिकेत होतं, तसं भरलं. पडल्यावर बघितलं तर पाणी पाऊण भागच उरलेलं. झाकणाच्या आट्यांतून थोडं थोडं झिरपत होतं आणि आम्ही चार महिने एकदाही झाकण उघडून पाहिलं नव्हतं. पाणी भरत असाल तर दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर आत डास होतात.

पण पाणी काठोकाठ असतं तरी भागलं असतं का? माझे दीर इंजिनिअर आहेत, त्यांनी कागदावर ढोबळ हिशेब करून दाखवला. ताशी ६० किलोमीटरचा वारा या बोर्डवर साधारण १६ किलोचा जोर लावतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो जोर अकरा फुटांवर लागतो, म्हणजे बुडाशी उलथवणारी ताकद १६ गुणिले ११, १७६. उलट बाजूला १०० किलो पाणी, आणि त्या वजनाचा मध्य बेसच्या पुढच्या कडेपासून जेमतेम पावणेदोन फुटांवर, म्हणजे धरून ठेवणारी ताकद १०० गुणिले पावणेदोन, १७५. बरोबरीचा सामना झाला, आणि बोर्ड आधीच पुढे झुकलेला असतो. वारा ८० चा झाला की जोर २८ किलोवर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. तेच रिंग साडेसात फुटांवर आणली की बोर्ड साडेआठ फुटांच्या आसपास येतो आणि उलथवणारी ताकद जवळपास पाव हिश्श्याने कमी होते. याला एक पैसा लागत नाही. वाऱ्याची चाहूल लागली की आधी हँडल फिरवून बोर्ड खाली घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट दिशेची. हे हूप पुढच्या बाजूला लवकर पडतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि आम्ही हूपची पाठ नेमकी पश्चिमेला केली होती. आता तोंड पश्चिमेला केलंय. वारा समोरून लागतो, खांबाला मागे रेटतो, आणि मागे बेसची लांबी जास्त असल्याने तो टिकतो. शिवाय संध्याकाळी खेळताना ऊन डोळ्यांत जात नाही, लेकीच्या पाठीवर येतं.

मग पाणी काढून रेती भरली. शंभर लिटर जागेत कोरडी रेती १६० किलोच्या आसपास बसते. बेसचं तोंड चहाच्या बशीएवढं. पहिल्या दिवशी ओलसर रेती घातली, ती तोंडाशीच अडकली. दुसऱ्या रविवारी ताडपत्रीवर दिवसभर वाळवली, चाळली, पाण्याच्या मोठ्या बाटलीचं बूड कापून नरसाळं केलं आणि लेक बेसला बाजूने थापट्या मारत राहिली. तेव्हा कुठे कोपरे भरले. नर्मदेची साडेचार पोती रेती लागली. एक तोटा मात्र मोठा आहे: हूप आता जागचा हलत नाही. जबरदस्तीने ओढला तेव्हा एका चाकाला तडा गेला. रोज आत-बाहेर करायचा असेल तर रेती भरू नका. बेसवर वेगळी पोती ठेवण्याचाही प्रयोग केला होता, पण खताची प्लॅस्टिकची पोती उन्हात दीड-दोन महिन्यांत भुगा होतात आणि रेती अंगणभर.

आणि आता माळव्याची काळी माती. खांबाच्या मागे दोन फुटी लोखंडी सळ्या ठोकून त्यांना दोर बांधले होते. मे महिन्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि एक सळई मी हाताने उपसून काढली. पाऊस पडला की हीच माती फुगते, सळई तिरकी होते. मुरमाड जमीन असेल तर खुंट्या चालतीलही, काळ्या मातीत त्यांच्यावर लेकरांचा जीव सोडू नका.

शेवटी हूप घरालाच बांधला. १८९१ मध्ये बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांनी पहिल्या टोपल्या लावल्या त्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला, आणि रिंगची दहा फूट उंची तिथूनच आली. तेव्हाही आधार इमारतीचाच होता. मला कंपाउंडच्या भिंतीत हुक ठोकायचे होते. मिस्त्रींनी भिंतीवर हात मारून सांगितलं, "भाभीजी, ये चार इंच की दीवार है, हूप के साथ ये भी आएगी." म्हणून एक अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट, पोर्चच्या कॉलममध्ये आणि दुसरा जोत्याच्या काँक्रीटमध्ये बसवला. खांबाला चार फुटांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तिच्यावरून ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसे दोन रॅचेटचे पट्टे मागे तिरपे ताणले. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो. दोन्ही पट्ट्यांना लाल कापड बांधलंय, अंधारात कोणी अडखळू नये म्हणून.

मे अखेरच्या एका रात्री खरी परीक्षा झाली. आधी पिवळी धूळ, मग पश्चिमेचा वारा, आणि मध्येच तो एकदम फिरला. शेजारच्या काकांच्या गच्चीवरचे पत्रे उडाले, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची फांदी तारांवर पडली, रात्रभर वीज नव्हती. आम्ही बोर्ड खाली घेतलेला होता. मी खिडकीशीच उभी होते. सकाळी बेस जागेवरून चार बोटं सरकलेला होता, एक पट्टा जरा सैल, बाकी काही नाही.

आठ महिन्यांत बोर्डच्या मागचे बोल्ट गंजले, जाळीचे दोन फासे तुटले. हे चालायचंच. गच्चीवर ठेवण्यासाठी मात्र कुणी घेत असेल तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका. तिथे वारा जास्त, आणि पडला तर खाली रस्ता. भाड्याच्या घरात असाल तर फास्टनर ठोकायच्या आधी घरमालकांशी बोला. ते नाही म्हणाले तर खेळ झाल्यावर हूप दरवेळी आडवा करून ठेवा, आणि बेसमध्ये रेतीऐवजी पाणीच भरा.

फास्टनरचे नट मी दर महिन्याला पान्याने आवळते. फाटकाकडचा पट्टा उन्हाने पांढुरका पडून कडेला उसवलाय, तो गणपतीच्या आधी बदलणार आहे.