पॉवर ग्रिड मॉडेल: ११ केव्ही फीडरवर आठ महिने वापरल्यानंतर

लोड फ्लोचं (जाळ्यात कुठे किती व्होल्टेज आणि किती प्रवाह याच्या गणिताचं) फुकटचं पॅकेज म्हणून पॉवर ग्रिड मॉडेलकडे बघाल तर निराश व्हाल. यात स्क्रीन नाही, माऊसने ओढायचं चित्र नाही, ‘रन’चं बटण नाही. पायथनमध्ये तक्ते भरायचे, गणित चालवायचं, उत्तराचे तक्ते वाचायचे. पण एका फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचा, वर्षभराचा, दर पंधरा मिनिटांचा हिशोब लावायचा असेल तर आधी हेच उघडावं. ग्रामीण ११ केव्ही फीडर, त्यावर शेतीपंपांच्या डीपी, उपकेंद्रात ३३/११ चं रोहित्र, असल्या नेहमीच्या कामावर आठ महिने वापरून जे लक्षात आलं ते लिहितोय.

हे कुणा एका सॉफ्टवेअर कंपनीचं उत्पादन नाही. लिनक्स फाउंडेशनने २०१८ मध्ये एलएफ एनर्जी सुरू केली, फ्रान्सची पारेषण कंपनी आरटीई सुरुवातीपासून त्यात आहे. ग्रिडचं मूलभूत गणित प्रत्येक वीज कंपनीने वेगळं लिहून घेण्यापेक्षा एकदाच, सगळ्यांनी मिळून लिहावं, हा त्यामागचा विचार. आरटीईकडून पॉवसिबल आलं, ते पारेषणासाठी. नेदरलँड्सच्या ॲलिअँडर या वितरण क्षेत्रातल्या कंपनीने ओपनएसटीईएफ हे लोडच्या अंदाजाचं साधन दिलं आणि वितरणाच्या गणितासाठी पॉवर ग्रिड मॉडेल दिलं. आतला गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, वरून पायथन. लायसन्स एमपीएल २.० (मोझिला पब्लिक लायसन्स), म्हणजे तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट तुमच्याच राहतात. त्यांच्या फाइलमध्ये बदल करून ती दुसऱ्याला दिलीत तर तेवढी फाइल खुली करावी लागते. सल्लागार मंडळींना हे सोयीचं आहे.

नवख्याला पहिला फटका एककांचा बसतो. इथे केव्ही नाही, मेगावॉट नाही. व्होल्ट, वॅट, ओहम, फॅरड. ११ केव्हीच्या नोडला (जाळ्यातल्या जोडबिंदूला) ११००० लिहायचं. लाइनचा आर१ (रोधाचा रकाना; रिॲक्टन्सचा एक्स१) म्हणजे अख्ख्या सेक्शनचा ओहम, किलोमीटरमागचा नव्हे. ही चूक तपासणीत सापडत नाही, कारण आकडा दिसायला बरोबरच असतो. रॅबिट कंडक्टरचा (ॲल्युमिनियमच्या तारेचा एक आकार) २० अंशाला रोध किलोमीटरमागे ०.५५२४ ओहम. ५ किमीचा सेक्शन, टोकाला २ मेगावॉट, पॉवर फॅक्टर ०.९, रिॲक्टन्स किलोमीटरमागे ०.३६ धरला तर ढोबळ सूत्राने ६६० व्होल्टची घट येते, म्हणजे ६ टक्के. किलोमीटरचा आकडा तसाच आर१ आणि एक्स१ मध्ये गेला की घट १३२ व्होल्ट, जेमतेम १.२ टक्के. उच्चदाबाला खाली ९ टक्क्यांची मर्यादा आहे. या चुकीने मरणपंथाला लागलेला फीडरसुद्धा ठणठणीत दिसतो.

शिवाय २० अंशाचा रोध एप्रिलमधल्या भरलेल्या तारेला लागू नाही. ॲल्युमिनियमचा गुणांक अंशामागे ०.००४०३. तार ६५ अंशाला गेली की रोध १८ टक्क्यांनी वाढतो आणि वरच्या उदाहरणातली घट ६ वरून ६.८ टक्क्यांवर जाते. तापमानाचा हिशोब हे सॉफ्टवेअर करत नाही, आर१ आधीच वाढवून भरायचा. उलट सी१ आणि टॅन१ या कपॅसिटन्सच्या रकान्यांचा फार बाऊ करू नका. नेदरलँड्समध्ये मध्यम दाबाचं जाळं जवळपास सगळं जमिनीखालच्या केबलचं, तिथे कपॅसिटन्सला वजन आहे. आपल्या ११ केव्हीच्या उघड्या तारेला तो किलोमीटरला तीन-चारशे व्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक). शून्य लिहिलं तरी चालतं. एबी स्विच (खांबावरचा स्विच) आणि जम्परसाठी (तारा जोडणाऱ्या तुकड्यासाठी) मात्र ०.०००१ ओहमची खोटी लाइन घालू नका, ‘लिंक’ नावाचा वेगळा घटक आहे तो वापरा. अतिलहान रोधाने मॅट्रिक्स बिघडतं आणि मग उत्तर का येत नाही हे शोधत बसावं लागतं.

रोहित्राचा तक्ता हा सगळ्यात वेळखाऊ भाग. त्याला नो-लोड लॉस (भार नसतानाही होणारा) आणि लोड लॉस (भारामुळे होणारा) वेगळे हवेत. आपल्याकडे आयएस ११८० या रोहित्रांच्या भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्के आणि १०० टक्के भारावरचे एकूण लॉस दिलेले असतात. १०० केव्हीएच्या लेव्हल २ (कार्यक्षमतेची श्रेणी) ला ४७५ आणि १६५० वॅट. दोन समीकरणं मांडली की लोड लॉस १५६७ वॅट आणि नो-लोड ८३ वॅट निघतो. गणित बरोबर, पण ८३ हा आकडा घेऊ नका. ४७५ आणि १६५० या कमाल मर्यादा आहेत, एकाच रोहित्रावर मोजलेले आकडे नव्हेत; त्यांच्या वजाबाकीतून निघणारा नो-लोड लॉस प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. चोवीस तास चालू असलेल्या डीपीच्या वर्षभराच्या युनिटमध्ये ही चूक ठळक दिसते. टेस्ट सर्टिफिकेट मिळत असेल तर त्यावरचेच आकडे भरा. इम्पिडन्स ४.५ टक्के म्हणजे ०.०४५ लिहायचं. डीवायएन ११ या जोडणीसाठी एका बाजूला डेल्टा, दुसऱ्या बाजूला न्यूट्रलसह स्टार, क्लॉक ११. डेल्टा-स्टारला सम क्लॉक दिलं तर व्हॅलिडेशन (भरलेल्या डेटाची तपासणी) अडवतं, हे चांगलं आहे.

लघुदाबाच्या नोडवर एक बारीक फसगत होते. डीपीवर ११०००/४३३ छापलेलं असतं म्हणून नोडचं रेटेड व्होल्टेजही ४३३ भरलं जातं. मग ग्राहकाला पूर्ण ४१५ मिळत असताना निकालात ०.९५८ पर-युनिट (रेटेड व्होल्टेजच्या पटीत) दिसतं आणि अहवालात सगळं गाव लो-व्होल्टेजमध्ये जातं. रोहित्राला ४३३, नोडला ४१५.

सोर्सची (मॉडेलमध्ये बाहेरून वीज येते त्या घटकाची) डीफॉल्ट शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० एमव्हीए आहे. आपल्या खेड्यातल्या उपकेंद्रात ५ एमव्हीएचं रोहित्र, इम्पिडन्स ७.१५ टक्के, मागे ३३ केव्हीची बाजू कितीही दणकट मानली तरी ११ केव्ही बसवर ७० एमव्हीएच्या वर जात नाही, म्हणजे साधारण ३.७ किलोअँपिअर. बसवर मोजलेलं व्होल्टेज सोर्सला देत असाल तर लोड फ्लोला डीफॉल्टने काही बिघडत नाही. तेच मॉडेल फॉल्टच्या हिशोबाला वापरलं की रिलेचं (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राचं) सेटिंग साफ चुकतं. सरळ मार्ग म्हणजे सोर्स ३३ केव्हीवर ठेवा आणि रोहित्र मॉडेलमध्ये घाला.

आता लोड. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, हा पंपाच्या शाफ्टचा आकडा. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तारेतून ४.६६ किलोवॅट ओढले जातात. घरगुती ग्राहकांसारखा डायव्हर्सिटी फॅक्टर (सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून धरलेली सूट) इथे चालत नाही: वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे आली की सगळे पंप एकदम सुरू. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, अशी विनंती दरवर्षी होते ती याच कारणाने. ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटरी एका क्षणी उचलतात तेव्हाचा दणका हे सॉफ्टवेअर दाखवणारच नाही. ते फक्त स्थिर अवस्थेचं गणित करतं. कपॅसिटरचा फायदा मात्र मस्त दिसतो. ‘शंट’ घटक जोडा आणि टोकाचं व्होल्टेज बघा.

लांब फीडरवर सगळी लोड स्थिर पॉवरची मानली की न्यूटन-राफसन ही फेऱ्याफेऱ्यांनी उत्तर काढणारी पद्धत वीस फेऱ्यांत जुळत नाही आणि डायव्हर्जन्सची एरर येते. लगेच फेऱ्या वाढवू नका. आधी सगळ्या लोडचा प्रकार स्थिर इम्पिडन्स करून चालवा. उत्तर आलं तर सर्वांत कमी व्होल्टेजचा नोड कोणता ते पाहा. बहुतेक वेळा तिथे एखादा शून्य जास्त पडलेला असतो, नाहीतर विझल या तारेच्या जागी त्याहून बारीक तारेचा रोध. डेटा स्वच्छ असूनही जुळत नसेल तर तो फीडर एवढा भार खरंच नेऊ शकत नाही, आणि तेच तुमचं उत्तर.

याहून वाईट चूक गप्प बसणारी आहे. एखाद्या स्विचची स्थिती उलटी भरली गेली आणि पुढचा भाग सोर्सपासून तुटला, तर एरर येत नाही. त्या नोडना ‘एनर्जाइज्ड’ शून्य, व्होल्टेज शून्य, लोडिंग शून्य. वर अहवाल म्हणतो, ओव्हरलोड नाही! प्रत्येक गणितानंतर एनर्जाइज्ड शून्य असलेले नोड मोजणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये कायमची टाकून ठेवा.

बॅच, म्हणजे एकाच जाळ्याची अनेक गणितं एका दमात, हा याचा खरा प्राण. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक, वर्षाचे ३५,०४०. जाळं तेच राहून फक्त लोड बदलत असेल तर ‘इटरेटिव्ह करंट’ पद्धत निवडा. मॅट्रिक्सचं फोडकाम एकदाच होतं आणि पुढच्या प्रत्येक ब्लॉकला वापरलं जातं. थ्रेडिंगची (गणितं समांतर चालवण्याच्या सोयीची) डीफॉल्ट किंमत उणे १ आहे, म्हणजे एकामागून एक. ० दिलं की सगळे कोर कामाला लागतात. हे कळेपर्यंत बरेच जण सॉफ्टवेअर संथ आहे म्हणत बसतात. मेमरी आधीच मोजा. ४०० नोडचा वर्षाचा पूर्ण निकाल ६७३ एमबी, ४०० लाइनचा १.१ जीबी. फक्त पर-युनिट व्होल्टेज मागवलं तर नोडचं काम ११२ एमबीत भागतं, आणि फक्त हवे ते रकाने मागवायची सोय आहे.

सौर कृषी वाहिनीच्या कामात हे उपयोगी पडतं. प्रकल्प उपकेंद्राच्या ११ केव्ही बसला जोडला की फीडरमधला प्रवाह तोच राहतो, बदलतो ३३/११ च्या रोहित्रातला. पावसाळ्यात पंप बंद आणि ऊन पडलेलं असलं की वीज उलटी वर चढते. पण ‘लोडिंग’ हा रकाना नेहमी धन असतो, त्यात दिशा दिसत नाही. रोहित्राच्या पी-फ्रॉमचं (पहिल्या बाजूने आत जाणाऱ्या पॉवरच्या रकान्याचं) चिन्ह बघायचं.

स्टेट एस्टिमेशनकडे (मीटरच्या मापांवरून जाळ्याच्या स्थितीचा अंदाज काढण्याकडे) सावकाश वळा. उपकेंद्राच्या लॉगबुकात बहुतेकदा अँपिअर असतात, आणि इथल्या करंट सेन्सरला नुसते अँपिअर पुरत नाहीत, कोन लागतो. पॉवर फॅक्टर माहीत असेल तर जमतं. निदान एक व्होल्टेजचं माप हवंच. डीपीच्या अंदाजी लोडना मोठा सिग्मा (मापातली अनिश्चितता) द्या, फीडर मीटरला लहान. मग रेसिड्युअल (माप आणि गणित यांतला फरक) बघा: २००/५ चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) १००/५ म्हणून नोंदला असेल तर त्याच मीटरचा फरक डोंगराएवढा दिसतो.

एलएफ एनर्जीतल्या भागीदारीचं म्हणाल तर कोड सगळ्यांचा झालाय, डेटा आणायची वाट अजून युरोपची आहे. सोबतच्या रूपांतर पॅकेजमध्ये व्हिजन या डच सॉफ्टवेअरच्या एक्सेलसाठी तयार सोय आहे. आपल्या जीआयएसमधून येणाऱ्या तक्त्यांसाठी मॅपिंग स्वतः लिहावं लागतं. सीआयएम (ग्रिडचा डेटा देवाणघेवाणीचा प्रमाणित नमुना) हवं असेल तर पॉवसिबलकडे जा. असं मॅपिंग आपल्यापैकी कुणी लिहिलं तर परत देता येतं: कमिटला (कोडमधल्या बदलाच्या नोंदीला) साइन-ऑफची ओळ लागते, ती विसरलात तर तपासणी लाल होते.

नव्या आवृत्त्या भराभर येतात, मुख्य शाखेत बदल गेला की आवृत्ती निघते. म्हणून प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक बांधून ठेवा, आणि एका तपासलेल्या फीडरचे निकाल साठवा. आवृत्ती बदलली की तोच फीडर पुन्हा चालवायचा आणि व्होल्टेज सहाव्या दशांशापर्यंत जुळवायचं; नाही जुळलं तर आधी बदलांची नोंद वाचायची, मग बाकीचे फीडर.